मी कानात जायची किल्ली नव्हे

मी एक जुनी किल्ली आहे, मोटारसायकलची. मित्रांनो, माझी गोष्ट घाण आहे. जेवण झालं नसेल तर नंतर वाचा.

नवी होते तेव्हा काय माझा थाट! माझ्या मालकांनी, लालासाहेबांनी, नारळ फोडून गाडीला हार घातला, मलाही हळदकुंकू लावलं. मग रोज कुपवाडच्या एमआयडीसीत जाणं सुरू झालं. तिथे ते पत्रा कापणाऱ्या प्रेसवर काम करतात. दिवसभर नुसती धाडधाड. कंपनीने इअरप्लग दिले होते, पण "कान घामेजत्यात" म्हणून ते लॉकरमध्येच पडून असायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली. बारीक, पण थांबायचं नाव नाही. त्यावर यांनी औषध कोणतं शोधलं? मी! शी! गाडी उभी केली की मला कानात खुपसायचं, डोळे मिटून गरागरा फिरवायचं. वर बाहेर काढून निरखायचं आणि पँटला पुसायचं. माझ्या दात्यांत पिवळा मळ आणि त्याला चिकटलेला खिशातला तंबाखू. ओकारी यायची हो मला!

"आवं, कवाधरनं हाका मारतेय, ऐकू येत न्हाई व्हय?" त्यांची बायको पल्लवी वैतागायची. तिने लसणीचं तेल कानात घातलं. शिट्टी गेली नाहीच, उलट कान गच्च बसला. शेवटी तिनेच त्यांना सांगलीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढून नेलं.

"कशाने कोरता?" बाईंनी विचारलं. लालासाहेबांनी टेबलावरच्या माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किल्लीनं मळ आत ठासलाय. पडदाच फाटायचा एखादे दिवशी!" बाईंनी मळ काढला, तशी शिट्टी बरीच कमी झाली. मग ऐकण्याची तपासणी केली. "प्रेसच्या आवाजानं कान आतून दुखावलाय. गेलंय ते ऐकणं परत येत नाही, उरलेलं सांभाळा. कामावर इअरप्लग घालाच. तेल नको, किल्ली तर नकोच नको. झोपताना पंखा चालू ठेवा, म्हणजे शिट्टीकडं लक्ष जाणार नाही. हळूहळू तिची सवय होते."

इअरप्लग घातले त्यांनी, पण हाताची खोड जाते का? चार दिवसांत मी पुन्हा कानात! म्हणे, "लय खाजतंय."

एके दिवशी ते गाडी धूत होते. त्यांच्या पाच वर्षांच्या समीक्षाने मला उचललं, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि मला कानात घातलं. हुबेहूब बापासारखं! एवढासा कोवळा कान तो. मला माझ्या दात्यांचाच राग आला.

लालासाहेब ओरडत धावले, "काढ ती! भैरी व्हशील की गं!"

"मग तुमी का घालताय, पप्पा?"

लालासाहेबांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. त्यांनी मला साबणाने घासून धुतलं. त्यानंतर एकदाही कानाजवळ नेलेलं नाही.

मित्रांनो, घरातलं कोणी किल्ली, पिन नाहीतर काडी कानाकडे नेताना दिसलं, की समीक्षाचा प्रश्न विचारा. आणि जरा मोठ्याने विचारा. हळू बोललात तर त्यांना कदाचित ऐकूच येणार नाही.