लालबीचा तांबूस ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. माझा जन्म जपानचा, पण आयुष्यातला सर्वांत अवघड दिवस मी सास्तूरच्या चावडीवर काढला. मी खरोखर जपानी आहे की नाही, यावर त्या दिवशी एका माणसाची सुटका अवलंबून होती. आणि मला बोलता येत नव्हतं.

मला घडवणाऱ्या लोहारानं पात्यावर मातीचा लेप दिला होता, धारेकडं पातळ आणि पाठीकडं जाड. मग तापवून पाण्यात बुडवलं. धार झटकन निवाली आणि कडक झाली. पाठ सावकाश निवाली आणि चिवट राहिली. दोन्हींच्या सीमेवर धुक्यासारखी एक पांढरी रेघ उमटली. शेवटी, मुठीत लपणाऱ्या माझ्या शेपटावर त्यानं छिन्नीनं आपलं नाव कोरलं. ते शेपूट कोणी घासत नाही. त्याला शांतपणे गंजू देतात.

पुढं दोनेकशे वर्षांनी एका जपानी अधिकाऱ्याच्या कमरेला लागून मी बर्मात गेले. १९४५ साली त्याच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. त्या ढिगात यंत्रावर केलेल्या नव्या तलवारी पुष्कळ होत्या. त्यांच्या शेपटांवर शिक्के आणि आकडे होते. एका इंग्रज साहेबानं त्यातून मला उचललं आणि आपल्या ड्रायव्हरला बक्षीस दिलं. सोबत एक चिठ्ठी दिली. तो ड्रायव्हर म्हणजे सास्तूरचा खाजामियाँ.

गावी येईपर्यंत माझं म्यान फुटलं आणि मुठीपुढची गोल तबकडी हरवली. मुठीची दोरी उंदरांनी कुरतडली, तेव्हा खाजामियाँनं वरून बकऱ्याचं कातडं शिवलं. चिठ्ठी वाळवीनं खाल्ली. राहिली होती ती पांढरी रेघ. खाजामियाँची बायको लालबी हिला तो डाग वाटला. दर ईदेला ती विटेच्या भुकटीनं मला घासायची. तिसऱ्या ईदेला रेघ पुरती गेली. मी लख्ख झाले, आणि इतर कुठल्याही तलवारीसारखी दिसू लागले.

१९४८ च्या पावसाळ्यात एका टोळीनं शेजारची वाडी जाळली. टोळीच्या हाती एकाच भट्टीत केलेल्या, वाकड्या पात्याच्या तलवारी होत्या. पुढं लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं, घरोघर झडती सुरू झाली. खाजामियाँच्या माळ्यावर मी सापडले. माझंही पातं वाकडं होतं.

चावडीपुढं ट्रक उभा होता. पकडलेली माणसं त्यात बसवली जात होती. खाजामियाँ ट्रकातून पुन्हा पुन्हा सांगत होता की ही बर्माची तलवार आहे. लष्करी अधिकाऱ्यानं कागद मागितला. खाजामियाँनं वाळवीचं नाव घेतलं, तेव्हा शिपाई हसले. मग त्यानं विनंती केली की ईरण्णा लोहाराला एकदा बोलवा. ट्रकच्या इंजिनात पाणी भरून होईपर्यंत वेळ मिळाला.

ईरण्णा आला, हात पुसत. पोलीस पाटील शरणबसप्पा म्हणाले, "तू फाळ करणारा. तलवारीतलं तुला काय कळतंय?"

"फाळालाबी पाणी द्यावं लागतंय, पाटील," एवढंच तो बोलला.

त्यानं आधी माझ्या पाठीवर कानस फिरवली. कानस लागली. मग धारेवर फिरवली. ती घसरली. अशी धार इकडं होत नाही, असं त्यानं सांगितलं. अधिकाऱ्यानं मान हलवली. हिला घडवणारा लोहार हुशार होता एवढंच यावरून ठरतं, तो कुठला होता ते ठरत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि ते बरोबरच होतं.

ईरण्णानं मुठीवरचं कातडं उसवलं. आत लाकूड, आणि लाकडात बांबूची एक खिळी. त्यानं तिच्यावर लोखंडी सुंभा टेकवून हातोडीनं ठोकली. हलेना. पुन्हा ठोकली. लाकूड करकरलं. तिकडं इंजिनाचं झाकण बंद झालं. लालबी चावडीच्या पायरीवर उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला.

ईरण्णानं हात थांबवला आणि खिळीची दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. एक टोक जाड होतं, एक बारीक. तो जाड टोकावर ठोकत होता. त्यानं मला उलटं केलं आणि बारीक टोकावर एकच हलका घाव दिला. खिळी निसटली. मूठ सरकली. माझं शेपूट कित्येक वर्षांनी उजेडात आलं, काळंकुट्ट, गंजलेलं, आणि त्यावर उभ्या ओळीत अक्षरं.

अधिकाऱ्यानं तशी अक्षरं बर्मात जपान्यांच्या पेट्यांवर पाहिली होती. तरी त्यानं शंका काढली: ही कालही कोरलेली असू शकतात. अक्षरं नीट दिसावीत म्हणून लालबी धावत जाऊन विटेची भुकटी घेऊन आली. तिचा हात माझ्यापर्यंत पोचलाच होता.

ईरण्णानं तिचं मनगट धरलं. "थांब, भाभी. घासलंस तर तुझा माणूस गेला."

त्यानं मला अधिकाऱ्यापुढं धरलं. "सायेब, अक्षराच्या खाचंत बगा. बाहीर जेवढा गंज काळा, तेवढाच आत. काल कोरली असती तर आत लोखंड चमकलं असतं."

अधिकाऱ्यानं भिंग मागवलं. बराच वेळ तो वाकून पाहत राहिला. ट्रक सुरू झाला होता. मग त्यानं वर न बघताच हात केला, आणि शिपायांनी खाजामियाँला खाली उतरवलं.

लालबी हळूच म्हणाली, "इसपे सफेद लकीर थी, साब. मैंच घिसी. दाग समजी मैं."

मला मात्र सरकारजमा व्हावं लागलं. तलवार घरात ठेवायची परवानगी कोणालाच नव्हती. मूठ बसवण्याआधी लालबीनं मला शेवटचं तेल लावलं. तेव्हा तिचा घामेजलेला अंगठा शेपटाला लागला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू हाती आली, तर आधी पाहा, मग पुसा. मी आता एका सरकारी कपाटात आहे. कधी माझी मूठ काढलीत, तर खिळीची बारीक बाजू शोधा. काळ्या गंजात एक लहानसा तांबूस ठिपका दिसेल. तेवढा गंज नवा आहे. तो लालबीचा आहे. तोही पुसू नका.