बैठकीतला खड्डा

मी एक जुना खड्डा आहे. हसू नका मित्रांनो, रस्त्यावरचा नव्हे! अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, सपाट छपराच्या आणि काचेच्या भिंतींच्या एका घरात, दिवाणखान्याच्या मधोमध मला मुद्दाम खणलं. तीन पायऱ्या उतरल्या की कडेने नारिंगी गाद्या आणि समोर दगडी शेकोटी. साठ वर्षांपूर्वी माझी काय ऐट होती! पाहुणे माझ्यात बसून तासन्‌तास गप्पा ठोकत आणि गाद्यांवर ऑलिव्ह सांडत. पुढे मालक थकले, त्यांना पायऱ्या उतरवेनात. माझ्यात नुसती धूळ साचली.

मग वेंडल आणि नॉरीन हे जोडपं राहायला आलं. रांगती टेस कडेवर, दुसरं बाळ पोटात. घर वाढवायचं ठरलं. स्वयंपाकघराची भिंत पाडली, तेव्हा प्रत्येक घावाला माझ्या काळजात धस्स होई.

"आधी हा खड्डा बुजव," नॉरीन रोज म्हणे.

"अगं, याच्यासाठीच तर घर घेतलं! लोक जीव टाकतात असल्या बैठकीवर."

"त्या लोकांच्या घरात रांगतं पोर नसेल. निदान कठडा तरी लाव!"

"कठडा लावला की शोभाच गेली. काठावर उशा रचतो, झालं?"

मला हायसं वाटलं. मी वाचलो, एवढंच मला दिसलं.

रविवारी वेंडल टीव्हीवर सामना बघण्यात गुंग होता. नॉरीन मागच्या खोलीत भिंतीचा रंग ठरवत होती. टेस रांगत काठाशी आली. तिने एक उशी ढकलली, दुसरीवर चढली. मला ओरडता येईना, हात पुढे करता येईना. ती घरंगळत खाली आली आणि तिचं कपाळ शेकोटीच्या दगडावर आपटलं.

संध्याकाळी दवाखान्यातून आणली, तेव्हा तिच्या भुवईवर टाके होते. वेंडल माझ्या पायरीवर बसून ढसाढसा रडला.

"नॉरीन, तुझं ऐकायला हवं होतं गं."

"रडू नकोस. सुताराला बोलाव."

मित्रांनो, सुतार फळ्या घेऊन आला तेव्हा मला स्वतःची भीती वाटलीच नाही. तो अर्धवट काम टाकून जाईल की काय, हीच धाकधूक होती.

आता माझ्यावर लाकडी जमीन आहे. आत अंधार आहे, कधी फार वाईटही वाटतं. जुन्या वस्तू जरूर जपा, पण त्यांच्यापायी लेकरांना इजा होऊ देऊ नका.

काल वरून थपथप असा आवाज आला आणि मध्येच थांबला. माझा जीव टांगणीला लागला.

"वेंडल, धाव! टेस चालतेय!" नॉरीन ओरडली.

टेस माझ्यावरच्या फळ्यांवर अगदी मधोमध उभी होती. मग ती चालत पलीकडे गेली.