रविवारचा दुसरा डबा

"आजोबा, कोड दाखवा."

फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा घातला, तेव्हा थेकसू निम्मा आत शिरलाच होता.

"कसला कोड? अहो, दर रविवारी येतो मी इथं!"

"आणि मी दर रविवारी इथंच उभा असतो," पहारेकरी म्हणाला. "मोबाइलवरचा कोड. नाव नोंदवल्याशिवाय वर सोडत नाहीत. नियम काय आज निघालाय?"

मागे संत्र्यांच्या वखारीतल्या बायका आणि त्यांचे नवरे रांगेत उभे होते. हंगाम संपला की वखारीचा मुकादम मुन सगळ्यांना एक दिवस कुठेतरी फिरवून आणायचा. यंदा हल्लासान डोंगराच्या माथ्यावरचं तळं ठरलं होतं. प्रत्येकाचा कोड मुनने आधीच ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर धाडला होता. थेकसूने तो उघडूनही पाहिला नव्हता.

त्याची बायको मालसून पुढे झाली. नवऱ्याच्या खिशातून तिनेच मोबाइल काढला, कोड शोधला, दाखवला आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "हे पलीकडच्या वाटेनं येतात. तिकडं नसेल विचारत."

पहारेकऱ्याने काही बोलायला तोंड उघडलं. मग मालसूनच्या चेहऱ्याकडे पाहून मिटून घेतलं.

थेकसूच्या अंगावरचा सरंजाम पाहून डोंगरालाच दडपण यावं. लाल जाकीट, दोन काठ्या, गुडघ्यांना पट्टे, टोपीवर सतरा डोंगरांचे बिल्ले. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे नातू जन्माला येऊन शाळेत जायला लागला तेवढा काळ, तो दर रविवारी पहाटे हा सगळा साज चढवून डोंगरावर जात होता. या डोंगरप्रेमाच्या खात्यात मालसूननेही कमी भर घातली नव्हती. आठवडाभर वखारीत संत्री निवडून पाय भरून आलेले असायचे, तरी रविवारी ती नवऱ्याच्या आधी उठायची. भात शिजवायचा, समुद्री शेवाळाच्या पापडात मुळा, अंडं, पालक घालून किमबापच्या वळकट्या वळायच्या, चकत्या कापायच्या आणि दोन डबे भरायचे. एक त्याचा, एक सोन गुरुजींचा.

सोन गुरुजी म्हणजे थेकसूचे डोंगरावरचे सोबती. बायको वारलेली, घरात रांधायला कोणी नाही. मालसूनने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण संध्याकाळी दोन्ही डबे चाटूनपुसून परत यायचे आणि गुरुजींचा नमस्कार यायचा, तेवढ्याने तिचं पोट भरायचं. नवऱ्याचे बूट कधी घासावे लागले नाहीत. माणूस टापटिपीचा, असं ती कौतुकाने सांगायची.

"मलाही एकदा न्या की," असं तिने कितीदा तरी म्हटलं होतं.

"तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही," हे उत्तर ठरलेलं. मग भरपाई म्हणून तो तळ्याचं वर्णन करायचा. निळंशार पाणी, काठोकाठ, तळ दिसत नाही एवढं खोल. त्यांची लेक बोराम लहानपणी त्या तळ्यावर येणाऱ्या पांढऱ्या हरणाची गोष्ट ऐकत झोपायची. आता नातू आजोबांच्या तळ्याचं चित्र काढून शाळेत बक्षीस घेऊन आला होता.

यंदा मुनने भर वखारीत जाहीर केलं, "थेकसूकाका आपले वाटाडे!" आणि काकांची वाट बंद झाली. आदल्या दिवशी त्यांना सर्दी झाली, कंबर धरली, पण बायकोने आलं घालून काढा दिला आणि कंबरेला पट्टी चिकटवली.

चढण सुरू झाली. दिवसभर उभं राहून संत्री निवडणाऱ्या बायका त्या, गप्पा मारत दगडांवरून चढत सुटल्या. मालसूनच्या गुडघ्यांनी ब्रही काढला नाही. वाटाडे मात्र पहिल्या लाकडी पायऱ्यांशीच काठ्यांवर टेकले.

"काका," मालसूनच्या शेजारी बसून संत्री निवडणारी चुनरे ओरडली, "दर रविवारी तुम्ही डोंगर चढता, का डोंगर तुम्हाला चढतो?"

"सर्दी आहे गं त्यांना," मालसून म्हणाली.

"सर्दी नाकात असते, पायात नसते!"

सगळे हसले. थेकसूही हसला, पण श्वास उसना घेतल्यासारखा.

वाटेतल्या निवाऱ्यापाशी पोचल्यावर मात्र त्याला हुरूप आला. छाती पुढे काढून म्हणाला, "चला, सगळ्यांना गरम नूडल्स माझ्यातर्फे! इथल्या दुकानातल्या नूडल्सची चव खाली कुठं मिळायची नाही."

कोणी हललं नाही. समोर बाकं होती, संडास होता, डोंगरकाठ्या टेकवून बसलेली माणसं होती. दुकान नव्हतं.

"काका, दुकान उठून जमाना झाला की," मुन म्हणाला. "तेव्हा वर्तमानपत्रात केवढी हळहळ छापून आली होती."

"असं कसं? गेल्याच..." थेकसूची गाडी तिथेच अडली.

"घरचा डबा असतो ना त्यांच्याजवळ," मालसून घाईने म्हणाली. "दुकान आहे का नाही, बघतात कशाला!"

लोकांना ते पटलं, निदान पटवून घेतलं. चुनरेने मात्र पटवून घेतलं नाही. ती मालसूनशेजारी टेकली, पिशवीतून सोललेली काकडी काढली आणि अर्धी मोडून पुढे केली. डोंगरावर तहानेला काकडीसारखं काही नाही.

"नको गं. आमच्याकडं काकडी बंद आहे."

"बंद? म्हणजे?"

"सोन गुरुजींना वाससुद्धा चालत नाही. म्हणून किमबापमध्ये घालायची सोडली. मग आणणंच बंद झालं."

चुनरेने काकडी हातातच धरली. "म्हणजे नवऱ्याच्या दोस्ताला चालत नाही, म्हणून तू खात नाहीस?"

हे असं उघडं मांडल्यावर मालसूनला ते पहिल्यांदाच विचित्र वाटलं.

"आणि एक सांगू?" चुनरेने आवाज खाली केला. "तळ्याकडं वाटा दोनच आहेत. दोन्हीकडं कोड लागतो. माझा भाऊ जातो ना."

मालसून उठली. पुढची चढण तिने एकटीने चढली, कोणासाठी थांबली नाही.

माथ्यावर वारा होता. लाकडी कठड्याशी माणसांची दाटी होती आणि डोमकावळे हातातला घास पळवायला टपून बसले होते. मालसून कठड्याला भिडली आणि खाली पाहिलं.

केवढं थोरलं दगडी विवर! त्याच्या तळाशी, भलत्या मोठ्या वाडग्यात चमचाभर सार उरावं तसं, डबकंभर पाणी. भोवती सुकलेलं गवत आणि चिखल.

बऱ्याच वेळाने थेकसू धापा टाकत शेजारी येऊन उभा राहिला. त्यानेही खाली पाहिलं. आणि मालसूनला दिसलं, की हा माणूसही पहिल्यांदाच पाहतोय.

"यंदा... आटलंय," तो म्हणाला.

"कुठलं आटतंय!" पलीकडे फोटो काढणारा एक परका माणूस आपणहून म्हणाला. "नेहमी एवढंच असतं. मोठं वादळ येऊन गेलं तर भरतं, तेही चार दिवस."

तो निघून गेला. मालसून तळ्याकडेच पाहत होती.

"डबा कोण खायचं?"

"अगं, लोक आहेत."

"बोरामचे बाबा, दुसरा डबा कोण खायचं?"

थेकसूने टोपी काढली, पुन्हा घातली. तो बोलला तेव्हा बूट किंवा काठ्यांबद्दल सांगावं, तसं सांगत होता. दक्षिणेकडच्या बंदराजवळ एक बाई आहे. शिवणकाम करते. एकटी असते. कोणाचं वाईट करावं अशी नाही ती. आणि मग, जणू बायकोला तेवढंच समाधान, म्हणून जोडलं, "तुझ्या हातच्या किमबापचं फार कौतुक करते. म्हणते, असं कुणाला जमत नाही."

"आणि काकडी तिला चालत नाही."

"अंगावर पुरळ उठतं तिच्या."

मालसूनने मान हलवली. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. तिला आठवलं ते भलतंच. घरात कुणाला सर्दी झाली, की तिकडेही लागेल म्हणून रविवारच्या डब्यात त्या एकट्या गुरुजींसाठी ती आल्याचा तुकडा वेगळा बांधून द्यायची.

मागून मुकादम मुन आला, खुशीत. "काका! आता उतरताना तुमच्या त्या पलीकडच्या वाटेनं जाऊ. ड्रायव्हरला फोन करतो, बस तिकडं आणेल. तुम्ही पुढं व्हा, आम्ही मागं."

सगळी वखार गोळा झाली. थेकसूने ओठांवरून जीभ फिरवली आणि बायकोकडे पाहिलं. हरवलेला चष्मा शोधून दे, पाहुण्यांना तू सांग, फोन तू घे, असल्या वेळी पाहायचा तसं. त्या नजरेचं काम आजवर कधी अडलं नव्हतं.

"सांग ना गं यांना, ती वाट..."

"मला कशाला विचारता?" मालसून मुनला म्हणाली. आवाज चढला नाही. "मी आज पहिल्यांदाच आलेय इथं."

मग क्षणभर थांबून म्हणाली, "हेसुद्धा."

मुनने फोन खिशात ठेवला. चुनरेने बाकीच्या बायकांना फोटोच्या रांगेकडे पिटाळलं, "चला गं, त्या नाव कोरलेल्या दगडापाशी गर्दी व्हायच्या आत!" आणि कोणी मागे वळून पाहिलं नाही. थेकसू दोन काठ्या दोन हातांत धरून तसाच उभा राहिला.

मालसून लाकडी पायरीवर बसली आणि पिशवीतून दोन्ही डबे काढले. एक उघडून खायला लागली. सकाळी वळलेल्या चकत्या गार झाल्या होत्या, मीठ किंचित जास्त पडलं होतं. ते तिला आज कळलं. तिने सावकाश, खालच्या डबक्याकडे बघत, आपला डबा संपवला.

मग दुसऱ्या डब्याचं झाकण काढलं, डबा कठड्याजवळच्या फळीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

कावळ्याने वाट पाहायला लावली नाही.