फायनल आणि शेंगदाण्याची चटणी

नेरूळला घर घेतलं, तळोज्याच्या कारखान्यात नोकरीत मुरला, तरी आपण कोल्हापूर सोडून आलो असं सुधीरला कधी वाटलंच नाही. फुटबॉलचा सीझन सुरू झाला की चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या गॅलरीत पिवळा-निळा झेंडा लागायचा. सोसायटीचे सेक्रेटरी दरवर्षी विचारायचे, "हा कुठला पक्ष?" आणि सुधीर दरवर्षी तेवढ्याच उत्साहाने सांगायचा, की पक्ष नव्हे हो, चिंचगल्ली तालीम! कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नाही, प्रत्येक तालमीची फुटबॉल टीम असते आणि माणूस ज्या गल्लीत जन्मला त्या टीमचा मरेपर्यंत असतो. सेक्रेटरी मान डोलवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचे.

यंदा चिंचगल्ली कितीतरी वर्षांनी फायनलला गेली होती आणि समोर होती हाडवैरी बुरूज तालीम. गंमत अशी, की सुधीरची बायको वैशाली मूळची बुरूजची. तिचा धाकटा भाऊ ज्योतिबा अजूनही स्टेडियमवर लाल झेंडा गरागरा फिरवत बसायचा. पण सुधीरला त्याची फिकीर नव्हती. त्याच्या वडिलांनी, आबांनी, लग्नाच्या मांडवातच जाहीर केलं होतं, "उंबरा ओलांडला, पोरगी चिंचगल्लीची झाली." वैशाली मान खाली घालून हसली होती. तोच होकार धरून सुधीर वीसेक वर्षं निर्धास्त होता. स्वतः घाट उतरून नेरूळला आला तरी तीळभर बदलला नाही म्हणून मिरवणारा हा गडी, बायको मात्र दोन गल्ल्या ओलांडताच बदलली असं खुशाल धरून चालला होता.

सुधीर सीझनमधली प्रत्येक मॅच बघायचा, पण वैशाली बसायची नाही. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत ती स्वयंपाकघरात जायची आणि चटणी करायला घ्यायची. नेमका सामना रंगात आला की मिक्सर असा घरघरायचा की कॉमेंट्रीचा शब्द ऐकू येऊ नये. सुधीर ओरडायचा, "अगं, आत्ताच करायची होती व्हय?" सीझनभर त्या घरात शेंगदाण्याच्या चटणीला तोटा नसे. शेजारच्या विंगमध्येसुद्धा डबे जात.

फायनलच्या दुपारी सुधीरने अकरावीतल्या ऋताला पिवळा-निळा टी-शर्ट घालून टीव्हीसमोर बसवलं. "तू चिंचगल्लीची तिसरी पिढी हायस."

"बाबा, मी सेक्टर अठ्ठावीसची आहे," ऋता म्हणाली. पण बसली.

पहिला हाफ शून्य-शून्य गेला. दुसरा सुरू झाला आणि सोसायटीच्या पंपात काहीतरी शॉर्ट होऊन अख्ख्या विंगची लाइट गेली. टीव्ही गेला, वायफाय गेलं. सुधीरच्या तोंडचं पाणी पळालं. ऋताने लगेच मोबाइलवर मॅच लावून दिली. चित्र अडखळत होतं, मागून येत होतं, पण येत होतं. चेंडू मैदानाच्या मध्यावर इकडून तिकडे फिरत होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आरोळी आली.

"गोऽऽल! आरं माझ्या वाघा!"

सुधीर दचकला. मोबाइलवर चेंडू अजून मध्यावरच होता. मग बुरूजच्या एका पोराने तो पायात घेतला, दोघांना चकवलं आणि सरळ जाळ्यात घातला.

"मम्मीला आधीच कसं कळलं?" ऋताने डोळे मोठे केले.

दोघं आत धावली. वैशाली ओट्यापाशी उभी होती. मिक्सरचं बटण ती अजून फिरवत होती आणि मिक्सर ढिम्म होता. पिठाच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर व्हिडिओ कॉल चालू होता. त्यात स्टेडियमवरून ज्योतिबा घामाने निथळत नाचत होता, "ताई, बघितलंस का!"

"दर वेळी?" सुधीरने विचारलं.

"बुरूजनं गोल मारला की मिक्सर लावायचा आणि ओरडून घ्यायचं," वैशाली म्हणाली. "लाइट जाईल ह्याचा इचार न्हवता केला."

"अगं पण सांगायचं की!"

"कसं सांगू? लग्नानंतरच्या पहिल्याच सीझनला बुरूजनं तुमाला हरवलं. तुमी जेवला न्हाई, आबा जेवले न्हाईत. घरात दोन माणसं उपाशी आणि मी नाचू व्हय? तुमी तुमचा झेंडा घेऊन इथंपर्यंत आला. मला माझा आणता आला न्हाई, एवढंच."

सुधीरला खरं तर रागवायचं होतं. पण त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. नेरूळमध्ये आपल्यासारखा फुटबॉलवेडा एक तरी भेटावा म्हणून तो इतकी वर्षं हळहळत होता आणि ही भिंतीपलीकडे त्याच्याहून एकटी उभी होती.

"चल बाहेर," तो म्हणाला. "आणि फोन घे. तुझ्या फोनवर मॅच पुढं चाललीय."

तिघं सोफ्यावर दाटीने बसली. ज्योतिबा फोनमधून किंचाळला, "दाजी? आमच्या बुरूजवाल्यांत?"

"गप. फोन सरळ धर."

संपायला थोडा वेळ असताना चिंचगल्लीने बरोबरी केली. सुधीर अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. सामना टायब्रेकरवर गेला. मध्येच लाइट आली, टीव्ही आपोआप सुरू झाला, पण तिकडे कुणी बघितलंच नाही. बुरूजचा शेवटचा फटका गोलपोस्टला आपटून बाहेर गेला. फोनमध्ये लाल झेंडे खाली आले, कप चिंचगल्लीकडे गेला. वैशालीने ओठ दाबून धरले. तिचे डोळे भरून आले होते.

सुधीरचं तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांची साठलेली आरोळी घशाशी आली होती. त्याने बायकोकडे पाहिलं, तोंड मिटलं, ताडकन उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

आत मिक्सर घरघरायला लागला. बराच वेळ थांबेचना.

"बाबा काय करतायत?" ऋताने विचारलं.

वैशालीने ओढणीने डोळे पुसले आणि तिला हसूच फुटलं.

"काय न्हाई, चटणी कराय लागलेत. आणि सांग त्यांना, आज मी जेवणार न्हाई."