जर्मन शेफर्डची अट

मुरूमचा पोस्टमन प्रसेनजित कुत्र्यांना भितो, ही गोष्ट मुरूमच्या यच्चयावत कुत्र्यांना ठाऊक होती. माणसांपैकी थोड्यांनाच ठाऊक होती आणि त्याच्या घरात तर कुणालाच नाही. आता पोस्टमननं कुत्र्याला भ्यावं यात नवल काय, असं तुम्ही म्हणाल. नवल काहीच नाही. पण ह्या बाबानं घरी काय सांगून ठेवलं होतं ते ऐका. बाजाराच्या मागच्या बोळात तीन कुत्री अंगावर आली आणि आपण ती बोळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवली, असं त्यानं पोरांना सांगितलं होतं. खोटं म्हणावं तर तसं खोटंही नव्हतं. पळाले चौघंही होते. पुढं कोण होतं एवढंच त्यानं सांगितलं नव्हतं.

चैताली पाचवीत आणि बुद्धघोष पहिलीत. दोघांनी ही गोष्ट इतक्यांदा सांगायला लावली की बोळ लांबत गेला आणि तीन कुत्र्यांची पाच झाली. बुद्धघोषनं तर शाळेत जाहीर करून टाकलं, माझ्या पप्पांना बघितलं की कुत्री शेपूट घालतात. आपलं पोर आपल्याकडं असं मान वर करून बघतंय म्हटल्यावर कुठल्या बापाला बरं वाटणार नाही? प्रसेनजितला फार बरं वाटायचं. पण हे एक दिवस उघडं पडलं, तर हे पोर पुन्हा असं बघणार नाही, ह्या एकाच गोष्टीची त्याला कुत्र्यांपेक्षाही जास्त भीती होती.

आणि नेमकं पोरांनी कुत्रं मागितलं.

सरळ नाही म्हणायची सोय नव्हती. पाच कुत्री पळवणारा गडी एका पिल्लाला नाही कसं म्हणणार? सरकारी नोकरीत माणूस एक गोष्ट चांगली शिकतो, नाही म्हणायचं नसेल तर चौकशी लावायची. प्रसेनजित म्हणाला, "आणू की. पण घरात लहान लेकरं आहेत. कुठलंही आणून कसं चालंल? जात बघून आणावं लागतंय."

मथुराबाई, म्हणजे त्याची आई, कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले.

"काय बघून?"

"जात, आई. कुत्र्याची."

"ह्या घरात?" मथुराबाई म्हणाली. "तुझ्या आज्यानं कशापायी धर्म बदलला रं? तू कुत्र्याची जात इचारावी म्हणून? आपल्या घरात जात इचारायची न्हाय. माणसाची न्हाय आन कुत्र्याची बी न्हाय."

"आई, तसली जात नव्हं गं..."

"तसली आन कसली. जात ती जातच."

आता हिच्यापुढं काय बोलणार? चैताली हुशार, तिनं मधला मार्ग काढला. "आजी, ब्रीड म्हणू या."

"बीड?" मथुराबाईनं पुन्हा शेंग उचलली. "बीडवरनं कशाला आणायचं? इथं काय कुत्र्यांचा दुष्काळ पडलाय?"

त्या दिवशी ठराव झाला तो असा, की कुत्रं 'प्रकार' बघून आणायचं. प्रसेनजितला मनातून हायसं वाटलं. प्रकार जगात पुष्कळ असतात आणि प्रत्येकात खोड काढता येते.

चैतालीनं एक वही घातली. संध्याकाळी पप्पा आले की फोनवरचा फोटो त्यांच्या नाकापुढं धरायचा आणि ते काय म्हणतात ते लिहून घ्यायचं. लॅब्रेडॉर दाखवला तर प्रसेनजित म्हणाला हा खादाड असतो, बुद्धघोषच्या ताटातलं खाईल. त्यावर बुद्धघोषला उलट आनंद झाला, कारण त्याच्या ताटात रोज दोडका उरायचा. पग घोरतो म्हणून नको, घरात आजी घोरती तेवढं पुरे आहे. केसाळ, दांडगा सेंट बर्नार्ड बर्फातला, तो मुरूमच्या वैशाखात शिजून निघेल. डॉबरमनचा फोटो बघितला तेव्हा मात्र पप्पा पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले.

"मग पॉमेरियन?" चैताली म्हणाली. "एवढुसा तर असतो. किती गोड आहे बघा."

"गोड?" प्रसेनजितला राहवलं नाही. "दिसायला गोड. गेटाच्या आत बसतंय, गप. आपण पत्र टाकायला वाकलो की खालच्या फटीतनं तोंड काढतंय आणि पोटरीचा मऊ भाग बघून धरतंय. आणि धरलं की सोडत न्हाय. नुसतं गुरगुरतंय, तोंडात पोटरी घेऊन."

त्याची बायको प्रीती मेथी निवडत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

"म्हणजे, असं ऐकलंय," प्रसेनजित म्हणाला.

असे महिना दीड महिना दिवस गेले. वही भरत आली, पोरं काही दमेनात. शेवटी प्रसेनजितनं ठरवलं, एकच घाव घालायचा. रविवारच्या जेवणाला सगळे बसलेले असताना त्यानं घोषणा केली. "हे बघा, आता शेवटचं सांगतो. आणलं तर जर्मन शेफर्ड आणायचं. दुसरं कायबी न्हाय. जर्मन शेफर्ड मिळालं की त्याच दिवशी घरात. न्हाय मिळालं तर विषय बंद, पुन्हा कुणी काढायचा न्हाय. कबूल?"

पोरं कबूल म्हणाली. मुरूममध्ये जर्मन शेफर्ड मिळतो कुठं! प्रसेनजित पुढचा आठवडाभर शीळ घालत टपाल वाटत हिंडला, इतका खुशीत की दोन कुत्री त्याला ओळखू शकली नाहीत.

पण घरात मथुराबाई आहे हे तो विसरला.

"चैते," तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "ते शेफड म्हंजे काय गं?"

चैताली गणित सोडवत होती. "शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, आजी. मेंढरं राखणाऱ्याचं कुत्रं."

"आन जर्मन?"

"जर्मन म्हणजे जर्मन," चैताली म्हणाली आणि हातचा विसरली म्हणून पुन्हा पहिल्यापासून बेरीज करू लागली.

झालं. आपल्याकडं जर्मन म्हणजे काय हे कुणालाही विचारा. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची ताटली. ॲल्युमिनियम हा शब्द पुस्तकात; घरात जर्मनच. त्या नावाचा एक देशही आहे म्हणे, पण मथुराबाईला आजवर त्या देशाची गरज पडली नव्हती आणि पातेल्याची रोज पडायची. तिनं शेंगा फोडता फोडता विचार केला. जर्मनचं कुत्रं तर असू शकत नाही, दोन दिवसांत पोचे पडतील. तेव्हा जर्मन म्हणजे त्याची ताटली. मेंढपाळाचं कुत्रं आणायचं आणि त्याला जर्मनच्या ताटलीत खायला घालायचं, एवढी साधी गोष्ट हे लोक महिनाभर फोनमध्ये हुडकत बसलेत. शिकलेल्या माणसांचं असंच असतं. आणि ह्यात जातीचाही प्रश्न येत नव्हता, मेंढरं राखणं हे काम झालं. मथुराबाईला आपल्या पोराच्या शहाणपणाचं पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

तिनं बिरूला फोन लावला. बिरू मेंढपाळ. रान मोकळं झालं की त्याची मेंढरं दर साली ह्यांच्या शेतात खतासाठी बसायची, त्यामुळं घरोबा होता.

पुढच्या रविवारी सकाळी प्रसेनजित ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत होता. समोर चपला वाजल्या म्हणून त्यानं पेपर खाली केला, तर दारात बिरू उभा. त्याच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला सात-आठ महिन्यांचं, उंच पायांचं, तपकिरी कुत्रं.

"घ्या साहेब," बिरू म्हणाला. "तुमचं शेफड."

प्रसेनजितनं पेपर पुन्हा वर केला. पेपरामागून तो म्हणाला, "हे काय आणलंस?"

"मावशीनं सांगितलं व्हतं. साहेबांना शेफड पायजे, दुसरं चालत न्हाय म्हनं."

एव्हाना पोरं धावत आली होती, प्रीती हात पुसत आली होती आणि मथुराबाई एखादं बक्षीस मिळाल्यासारखी दाराच्या चौकटीत उभी होती.

"हे शेफर्ड न्हाय," प्रसेनजित म्हणाला. पेपर अजून वरच होता आणि थोडा हलत होता.

"कसं न्हाय?" बिरूला राग आला. "मेंढपाळ म्हंजे शेफड का न्हाय, चैताताई?"

"हो," चैताली म्हणाली.

"मग माझा आज्जा मेंढपाळ, माझा बाप मेंढपाळ, म्या मेंढपाळ. माझ्या कुत्र्याला तुमी शेफड न्हाय म्हणता?"

"अरे बाबा, पण जर्मन पायजे, जर्मन."

"ते म्या आणलंय," असं म्हणून मथुराबाई आत गेली आणि चकचकीत घासलेली ताटली घेऊन आली. ती तिनं ओसरीवर ठण्णकन ठेवली. "हे घे जर्मन. आन नवं हाय, एक पोचा न्हाय."

मग चैतालीनं वही आणली, शेवटचं पान काढलं आणि पप्पांची अट मोठ्यानं वाचून दाखवली. पप्पांनी फक्त 'जर्मन शेफर्ड' म्हटलं होतं. जर्मनीतला म्हटलं नव्हतं. जर्मन समोर आहे, शेफर्ड समोर आहे, अट पुरी झाली. ही पोरगी पुढं वकील होणार, आणि प्रसेनजितला त्या क्षणी तिचा अभिमानही वाटला आणि संतापही आला.

"चावतं का?" त्यानं विचारलं. जमेल तेवढं सहज विचारलं.

बिरू पहिल्यांदाच खाली बघू लागला. दोरी हातात फिरवत म्हणाला, "साहेब, आता तुमच्यापाशी काय लपवायचं. ह्याचं नाव ढाण्या. बारशाला लई हौसेनं ठेवलं. पण ह्यो मेंढरांला भितोय."

"मेंढरांना?"

"एका मेंढीनं ढुशी मारली, तवाधरनं. कळप निघाला की ह्यो माझ्या बायकोच्या मागं. कोकरू आलं तरी मागं. लांडगा ऱ्हायला बाजूला, मेंढरंच ह्याला राखत्यात. रानात ह्याचा निभाव न्हाय. म्हटलं लेकराबाळांच्या घरात जाऊ द्या, तेवढंच सुखानं जगंल." बिरूनं ढाण्याच्या गळ्यातली दोरी सोडली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

ढाण्यानं जन्मात कुकर ऐकला नव्हता. तो जो उधळला तो सरळ ओसरीवर. प्रसेनजितला दिसलं ते एवढंच, की कुत्रं सुटलं आणि आपल्याकडं येतंय. पेपर एकीकडं, खुर्ची एकीकडं, आणि पोस्टमनसाहेब "आई गं" करून आत धावले. ढाण्याही आत धावला. पळत होते दोघंही, आणि ह्या वेळी पुढं कोण आहे ते सगळं घर बघत होतं. आतल्या खोलीत पलंग होता. प्रसेनजित पलंगाच्या वर गेला, ढाण्या पलंगाच्या खाली गेला.

बाकीचे दारात येऊन उभे राहिले तेव्हा प्रसेनजित गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकला होता, छातीशी उशी. पलंगाखालून बारीक कुईंकुईं येत होतं. प्रीतीनं पदर तोंडाला लावला. हसू दाबायला लावला हे उघड होतं. बिरू बिचारा काठीकडं बघत राहिला.

"पप्पा," बुद्धघोष म्हणाला, "तुम्ही कुत्र्याला भिता?"

आली ती वेळ. कुत्र्याला आत कोंडायचं होतं म्हणून धावलो, असं काहीतरी प्रसेनजितच्या जिभेवर आलं होतं. पण छातीशी उशी धरून असं कसं बोलणार? त्यानं पोराच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला रडू येईल असं वाटलं.

"व्हय," तो म्हणाला. "लई भितो. पहिल्यापासनं."

बुद्धघोषनं त्यावर विचार केला. मग तो पलंगावर चढला, पप्पांच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. उशीचं एक टोक त्यानंही धरलं.

चैतालीला मात्र खालच्याची काळजी होती. ती फरशीवर पालथी झोपली आणि तोंड पलंगाखाली घातलं. अंधारात ढाण्या भिंतीला अंग घासत थरथरत होता आणि डोळे वर, फळ्यांकडं लागले होते, जिथं प्रसेनजित हलला की कर्रकर्र वाजत होतं.

"भिऊ नको रे," ती हळूच त्याला म्हणाली. "आमचे पप्पा काही करत नाहीत."

"न्हाय करत," प्रसेनजित वरून म्हणाला. आणि फळ्या वाजू नयेत म्हणून त्यानं अंग आखडून घेतलं.