लाडोबाला एकच शब्द कळतो

शिलाईवाली सकाळीच चिडली होती, पण तोंडातून निघालं ते "आण की, त्यात काय!" भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. दारात मैत्रीण उभी, हातातल्या पट्ट्याला तिचा दांडगा कुत्रा लाडोबा, आणि तोंडात नेहमीचं वाक्य: "तू घरीच तर असतेस."

घरीच! बाहेरच्या खोलीत मशीन, इस्त्री, कापायचं टेबल, खुंट्यांवर गिऱ्हाइकांचे कपडे. सकाळी कामाला बसली की कंबरेचा काटा ढिला होईस्तोवर ती उठायची नाही. पण कामावर जायला चपला घालाव्या लागत नाहीत ना, मग ही बाई रिकामटेकडी! शाळेपासूनच्या मैत्रिणीला एवढंही कळू नये, याचाच तिला संताप येई.

"गरीब आहे गं तो," मैत्रीण म्हणाली. "'बस' म्हटलं की असेल तिथे बसतो. बाकी काही येत नाही, पण तेवढं पक्कं शिकवलंय. माझं महत्त्वाचं काम आहे, संध्याकाळी येते."

आणि गेलीसुद्धा.

नेमका आजच गाणाऱ्या बाईंचा पांढरा झगा द्यायचा होता. तो घालून त्या संध्याकाळी स्टेजवर उभ्या राहणार होत्या. आवडला तर त्यांच्या सगळ्या गायकमंडळींचे कपडे हिच्याकडे येणार होते. उशांचे अभ्रे आणि पडदे शिवून शिवून शिलाईवालीचा जीव विटला होता. या झग्यावर तिने फार आस लावली होती.

दुपारी लाडोबा दाराशी कुंईकुंई करू लागला. हातातलं काम टाकून तिने त्याला मागच्या बागेत नेलं. नुकतंच पाणी घातलेलं फुलझाडांचं आळं त्याने मनसोक्त उकरलं, वर त्यात लोळून घेतलं. दोघं घरात शिरतात न शिरतात तोच फोन वाजला. खाली चादरीवर झगा पसरलेला. घेर तेवढा दुमडायचा राहिला होता.

"झाला का हो?" गाणाऱ्या बाईंनी विचारलं.

"हो हो," ती घाईघाईने म्हणाली, "बस, झालाच!"

लाडोबा त्या वेळी झग्यावरून चालला होता. तो असेल तिथे बसला. अंगावरच्या सगळ्या चिखलासकट बसला, आणि शाबासकीसाठी तिच्याकडे बघू लागला.

"ऊठ मेल्या! ऊठ!" पण त्याला ते कुठलं कळायला! तिने त्याला पट्ट्याला धरून ओढून काढलं. साबण लावला, घासलं, पुसलं. डाग फिका होत पसरत गेला आणि कापड चुरमडलं.

गाणाऱ्या बाई आल्या. ओरडल्या असत्या तरी बरं होतं. त्यांनी झगा उजेडात धरून पाहिला आणि टेबलावर ठेवला. "माझा जुना निळाच घालते," त्या म्हणाल्या. मग कोपऱ्यातल्या लाडोबाकडे बघून, "बाई, कुत्रं तरी सांभाळा, नाहीतर शिलाई तरी करा."

शिलाईवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंचा राग आला, त्या मुक्या जनावराचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो सकाळी "आण की" म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेचा. चुरगळलेला झगा मांडीवर घेऊन ती रागाने रडली.

संध्याकाळी मैत्रीण आली ती केस रंगवून, कुरळे करून. महत्त्वाचं काम ते हेच होतं.

"कसे दिसतात गं?"

शिलाईवालीने तिच्यापुढे झगा धरला आणि काय झालं ते सांगितलं. मैत्रीण हसली. "अगं, माती ती! धुतली की जाते. एवढं काय मनाला लावून घेतेस? बरं, पुढच्या आठवड्यातही आणते हं याला. तू घरीच तर..."

"बस!"

दाराकडे निघालेला लाडोबा उंबऱ्यातच बसला. मैत्रिणीनेही गिऱ्हाइकांचं स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसली. "बसते की. चहा टाक, बिनसाखरेचा."

"तुला बसायला नाही सांगितलं," शिलाईवाली म्हणाली. "बस म्हणजे पुरे. त्या बिचाऱ्याला कळत नाही, त्याला मी माफ केलं. तुला कळतं. ऊठ."

मैत्रिणीचा चेहरा उतरला. ती उठली, पट्टा हातात घेतला. लाडोबा मात्र बसूनच राहिला. उठायचा शब्द तिने त्याला कधी शिकवलाच नव्हता. ती नवे केस सावरत त्याला ओढत राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शिलाईवाली तिच्या मदतीला उठली नाही.