झाकणाला हात नको

सुनेला भिंगरी हे नाव सासूबाईंनीच ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. शिवणाच्या मशीनवर बसली तरी तिचं अर्धं लक्ष गॅसवर आणि उरलेलं दारावर. सासूबाई गेल्या आणि ती आणखीच गरगरू लागली, कारण सासऱ्यांनी जेवण टाकलं होतं.

सासऱ्यांचा सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. आता ते दिवसभर खिडकीशी बसत आणि ताट जसं जाई तसंच परत येई. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा कामानिमित्त फिरतीवर; तो फोनवर काळजी करायचा, म्हणजे तिच्या काळजीत भर घालायचा. एकदाच म्हातारा आपणहून बोलला, की गेलेल्या बायकोच्या हातचं दालचिनीचं दही असतं तर दोन चमचे खाल्ले असते.

फ्रीजमध्ये सासूबाईंच्या विरजणाची वाटी होती. भिंगरीने दालचिनी घालून दूध उकळलं, ती काढून टाकली, दूध कोमट झाल्यावर विरजण लावलं. ते पातळच राहिलं. दुसऱ्यांदाही तेच. आता वाटीतलं शेवटचं विरजण लावून तिने पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि दुधाने तोंड पोळलेल्या माणसाच्या सावधपणाने फळीवर ठेवलं. हेही बिघडलं तर सासूबाईंची चव संपली, आणि बहुतेक म्हाताऱ्याची भूकही.

पण तिला कुठला धीर! एक बाही जोडून झाली की उठायची, झाकण उचलायची, पातेलं जरा हलवून बघायची. एकदा बघते तर टॉवेलची गाठ भलतीच. मग पातेलं फळीवरून उन्हात गेलेलं. तिने ते परत आणलं. थोड्या वेळाने ते गॅसशेजारी. आपल्याला वेड तर लागलं नाही ना, या विचाराने तिला खरंच भीती वाटली.

पुढच्या खेपेला ती पाय न वाजवता आत गेली. सासरे डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून, पातेलं तिरकं करून दह्याची तपासणी करत होते.

"बाबा, तुम्हीपण?"

"पण म्हणजे?" ते म्हणाले, आणि मग चोरी दोघांचीही उघडी पडली.

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "ती मला इथे पाऊल टाकू द्यायची नाही. दही लागेपर्यंत बाहेर बसा म्हणायची. आता बसा म्हणणारं कोण आहे?"

भिंगरीने पातेलं झाकून परत फळीवर ठेवलं. "मी म्हणते. बसा."

"आणि तू?"

"मीपण बसते."

दोघं टेबलाशी समोरासमोर बसली, एकमेकांवर पहारा ठेवून. तिचा पाय टेबलाखाली नसलेलं मशीन चालवत होता; त्यांची बोटं नसलेल्या घड्याळाला चावी देत होती. त्यांची नजर फळीकडे गेली की ती खाकरायची, ती खुर्चीत सावरून बसली की ते भुवई उडवायचे. बाहेरचं ऊन भिंतीवरून उतरून गेलं, तोवर कुणीच उठलं नाही. असं बसणं तिला रात्रभर शिवत बसण्यापेक्षा अवघड गेलं.

दही लागलं. कडेला जरा पातळ, पण चमचा धरून ठेवण्याइतकं. तिने वाटीत काढून वर मध सोडला.

"आंबट आहे," पहिला चमचा गिळून ते म्हणाले. "तिचं असं नसायचं."

ती हिरमुसली. पण चमचा थांबला नाही. वाटीचा तळ दिसला, तशी ती घाईघाईने आणखी वाढायला पातेल्याकडे वळली, तर त्यांनी पातेल्यावर आडवा हात धरला. झालं, परत खायला नकार, असं तिला वाटलं.

"थोडंच, बाबा. माझ्यासाठी."

"तेवढं राहू दे," ते म्हणाले. "उद्या लावायला विरजण नको?"